बाळूस पत्र, एकट्यानं वाचायचं

सातारा, मंगळवार

प्रिय बाळू,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत ठीक, साखर काठावर, गुडघे तुझ्यापेक्षा बरे. सुमन लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलीय, रविवारी येते. त्याआधी तुला सांगून मोकळा होतो.

गेल्या गुरुवारी सकाळी दूध तापत ठेवलं आणि पेपर घेऊन बाहेर बसलो. शब्दकोडं सोडवत होतो, खोटं कशाला बोलू. दूध उतू गेलं, शेगडी विझली, बटण तसंच चालू. किती वेळ, देव जाणे. मागच्या वहिनी परसातून ओरडल्या, "भाऊजी, गॅस! केवढा वास सुटलाय!" आत धावलो. स्वयंपाकघरात अंधार, म्हणून सवयीनं हात दिव्याच्या बटणाकडं गेला. आणि बाळू, तिथंच थांबला. तुझी थप्पड आठवली.

गुरुवार पेठेतली. सिलिंडरचा वॉशर गेलेला, फुसफुस ऐकू येत होती, आणि नेमकी कुठून ते बघायला मी काडी ओढणार होतो. तू अशी हाणलीस की काडेपेटी खिडकीबाहेर. मी १७ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. केमिस्ट्रीत मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हा माझा मुद्दा होता! तर आज ४१ वर्षांनी पोच देतो. माफी नाही, नुसती पोच.

मग शेगडीचं बटण बंद, रेग्युलेटर बंद, मागचं दार सताड उघडं. आमची खिडकी वर, तिचा फारसा उपयोग नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीवरच लोळत राहतो, दारातूनच निघणार. फ्रिजची धास्ती होती. तो आपला आपण चालू होतो आणि तेवढी ठिणगी पुरते. पण त्याचा प्लग ओढायचा म्हणजे पुन्हा तीच काडी. म्हणून बाहेर जिन्याखालचा मेन स्विच पाडला आणि अर्धा तास शेवग्याखाली लुंगीवर उभा राहिलो. वहिनींनी चहा दिला. अख्ख्या गल्लीनं बघितलं.

हे झालं ते झालं. खरी गोष्ट पुढंच आहे. मला वास आलाच नव्हता.

वहिनींना कुंपणापलीकडून आला आणि मी शेगडीपाशी उभा राहून कोरडा. दुपारी हिंगाची डबी नाकाला लावली. काही नाही. लसूण ठेचला, काही नाही. सेवानिवृत्तीला मिळालेलं अत्तर, तेही नाही (ते मुळातच पाणी असेल म्हणा). थंडीत ती सर्दी झाली तेव्हापासूनच असणार. म्हणजे दोन महिने मी सुमनशी "आमटीला चव नाही" म्हणून भांडतोय ते...! हे तिला कळलं तर बघायलाच नको.

तीस वर्षं पोरांना शिकवलं की या गॅसला स्वतःचा वास नसतो, इथाइल मरकॅप्टन मिसळतात. हवेत शंभरात दोनेक भाग झाला की पेट घेतो, आणि वास त्याच्या बराच आधी यावा अशी मात्रा ठेवतात. फळ्यावर लिहिताना कधी मनात आलं नाही की ही सगळी राखण शेवटी घरातल्या एका नाकावर टाकलेली आहे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्यानं नळी उलटी करून छापलेलं साल दाखवलं: २०१७. पाच वर्षांत बदलायची असते, सर, म्हणाला. सर! माझाच विद्यार्थी निघाला. वर विचारतो, ज्योत पिवळी कशी? बर्नरची निम्मी भोकं उतू गेलेल्या दुधानं बुजलेली, आणि मी पातेल्यांच्या काजळीबद्दल घासणाऱ्या बाईला बोल लावत होतो. पितळी बर्नर चिंचेनं घासले, टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं, उन्हात खडखडीत वाळवले. आता निळीशार ज्योत, आतला कोन दिसेल अशी. नवी नळी बसवल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहिले. काडी नाही ओढली, निश्चिंत रहा.

ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर जाऊ देत नाही आता. तू आठवतोस. तुझा भात कायम फुल्ल गॅसवर, खाली कोळसा, वर तांदूळ, आणि म्हणायचास गॅस स्लो आहे. कुकरला पहिली शिट्टी झाली की बारीक करायचा असतो रे, पाणी शंभराच्या वर कितीही जाळ लावलास तरी... जाऊ दे, कुकरमध्ये जातं, तू लगेच पकडशील.

गॅस ओळखणारा भोंगाही आणलाय. इलेक्ट्रिशियन शिडी लावून छताला ठोकायला निघाला होता! खाली उतरवून फरशीपासून वीतभर वर बसवून घेतला. कान अजून शाबूत आहेत. गरज पडली तर गॅसगळतीच्या मदतीचा १९०६ हा नंबर दाराबाहेर भिंतीवर खडूनं लिहिलाय. प्रत्येक वेळी रेग्युलेटर बंद करतो, मग परत जाऊन बघतो. रात्री दोनदा.

कान-नाक-घसावाल्यानं तपासण्या सांगितल्यात. पण पोराला सांगितलं तर तो इंडक्शन पाठवणार नाही, सरळ टेम्पो पाठवेल, आणि आम्ही पुण्यात दहाव्या मजल्यावर. सुमनला सांगितलं तर ती मला शेगडीपाशी उभं राहू देणार नाही. सकाळचा चहा मी करतो, बाळू. तेवढंच एक काम तिनं मला सोपवलंय. आणि नाही सांगितलं, तर उद्या तिला पडसं झालं असताना मी बटण विसरलो तर? हिशेब लागत नाही.

तुझं कसं? सांगलीत उन्हाळा चढला असेल. मोतीबिंदू उरकून घे. नातीचं लग्न ठरलं हे कळलं, आनंद झाला, तारीख कळव. येशील तेव्हा भडंग आण, तिखट; निदान जिभेला झोंबेल तरी.

आणि रविवारनंतर फोनवर यातलं अवाक्षर काढू नकोस, सुमन फोन स्पीकरवर टाकते. काय करू ते पत्रातच लिही.

तुझा,
दिनू