आधी उसवायचं, मग शिवायचं

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा सेंट्रिफ्यूज घरघरत होतं, म्हणून "मग सांगतो" म्हणून ठेवला. "तुझे ते जंतू गरम पाण्यात शिजत कसे नाहीत?" हा तुझा प्रश्न. फोनवर सांगितलं असतं तर तू "हं, हं" करत सुटला असतास. आता वाच गुपचूप.

माझ्या सगळ्यात आवडीचा जीव म्हणजे पायरोकॉकस होरिकोशी. जपानच्या ओकिनावाजवळ समुद्रतळाला उष्ण झरे आहेत, तिथे १३९५ मीटर खोलीवर तो सापडला. ९८ अंशांना तो खुशीत वाढतो. (त्या खोलीवर दाब इतका असतो की पाणी एवढ्यात उकळत नाही, तेव्हा 'उकळत्या पाण्यातला' म्हणणं तसं चूकच.) हा बॅक्टेरिया नव्हे, आर्किया. वेगळंच घराणं.

आता टी-आरएनए. प्रथिनं तयार होताना एकेक अमिनो आम्ल आणून देणारा हा हमाल. जेमतेम पाऊणशे-ऐंशी अक्षरांचा (ए, सी, जी, यू ही त्याच्या रासायनिक मण्यांची नावं) धागा, पण घडी घालून इंग्रजी एल अक्षरासारखा होतो. हा आकार १९७४ मध्ये यीस्टच्या टी-आरएनएमध्ये पहिल्यांदा नीट दिसला. एलच्या कोपरात पंधराव्या जागेवरचा जी आणि अठ्ठेचाळिसाव्या जागेवरचा सी एकमेकांना धरून असतात. ही पकड सुटली की कोपर ढिलं पडतं, आणि ९८ अंशांना ढिलं पडून कसं चालेल?

म्हणून आर्किया त्या पंधराव्या जीच्या जागी दुसरंच अक्षर बसवतात, आर्किओसिन. त्यावर धन प्रभार असतो. आरएनएचा कणा ऋण प्रभाराचा, त्यामुळे कोपराची घडी आवळली जाते. काम दोन टप्प्यांत होतं. एक एन्झाइम धागा न तोडता जुना जी उपटून तिथे प्रीक्यूझिरो नावाचा कच्चा माल लावतो, नंतर पुढच्या टप्प्यात त्याचं आर्किओसिन होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. तो जी बसलाय घडीच्या पार आत. एन्झाइमचा हात तिथे पोचणार कसा? याच्या बॅक्टेरियातल्या भाऊबंदाला ही अडचण नाही. त्याचं गिऱ्हाईक चौतिसाव्या जागेवर, टी-आरएनएच्या टोकाच्या वळशात, उघड्यावरच बसलेलं असतं. आर्कियातल्या भावाला मात्र घरात शिरावं लागतं.

२००३ मध्ये टोकियोच्या नुरेकी-योकोयामा गटाने या एन्झाइमचा टी-आरएनएसकट स्फटिक करून, त्यावर क्ष-किरण टाकून रचना काढली. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, रेणूच चुकीचा छापलाय! एलची एक बाही, डी-आर्म म्हणतात ती, पुरती उसवलेली. तिच्यातल्या जोड्या सुटलेल्या, दुसरीकडे नवीनच पीळ पडलेला, आणि पंधरावा जी बाहेर येऊन थेट एन्झाइमच्या खाचेत. या आकाराला त्यांनी ग्रीक लॅम्डा अक्षराचं नाव दिलं. एवढं उसवताना रेणू निसटू नये म्हणून एन्झाइमचा शेपटाकडचा भाग टी-आरएनएचं दुसरं टोक, जिथे अमिनो आम्ल लागतं ते, घट्ट धरून ठेवतो.

कोटाचं अस्तर दुरुस्त करायचं तर आधी शिवण उसवावी लागते ना, अगदी तसं. कोपर पक्कं करणाराच ते आधी खिळखिळं करतो, तेही अशा उष्णतेत जिथे आपल्या अंड्याचा पांढरा भाग केव्हाच गोठलेला असतो. मला तर हा निव्वळ उद्धटपणा वाटतो, आणि म्हणूनच तो एन्झाइम मला आवडतो.

बाकी इकडे ठीक. माझा स्वतःचा स्फटिक अजून येत नाहीये. चार महिने झाले, थेंबात नुसता गाळ दिसतो. सर म्हणतात मीठ बदल. बदलतोय.

काकूंना नमस्कार सांग. त्यांचं पायाचं शिलाई मशीन अजून चालतं का? माझ्या एका कोटाचं अस्तर खरंच फाटलंय. दिवाळीत घेऊन येतो.

तुझाच,
दिन्या