हातांवरची बंदी

संपादक महोदय,

विशेष शाळांमधल्या बदलांविषयी बोलताना आपण इमारती आणि उपकरणांतच अडकतो. कर्णबधिरांच्या शाळांत मोठी उलथापालथ झाली ती भाषेची. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे हे धर्मगुरू खुणांच्या भाषेतूनच शिकवत. कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीत भरलेल्या १८८०च्या मिलान परिषदेने मात्र मुलांना फक्त बोलूनच शिकवावे, असा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! मग शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या, अनेक कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. तो ठराव फेटाळायला याच विषयावरची २०१०ची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली. आता कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचे, ऐकायला मदत करणारे उपकरण) आले, म्हणून खुणांची गरज काय, असे पुन्हा कानावर येते. इम्प्लांट जरूर करावे, पण शाळांनी खुणांचे तास बंद करू नयेत. निदान त्याआधी कर्णबधिर माजी विद्यार्थ्यांना तरी विचारावे.

– एक वाचक