पेट स्कॅन खरा, पण इंजेक्शन कोणतं?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला पेट स्कॅनवरचा लेख वाचला आणि डोकं अजून तापलेलं आहे. मेंदूतली गाठ काय नि नैराश्य काय, एका स्कॅनमध्ये सगळं दिसणार म्हणे! एवढ्या अर्ध्या पानात ट्रेसर, म्हणजे स्कॅनआधी टोचतात ते किरणोत्सारी द्रव्य, हा शब्द एकदाही नाही. ते द्रव्य शरीरात कुठे साठलं हे टिपणारं मशीन तेच असतं हो, शिरेतून काय सोडलं त्यावर सगळं ठरतं.

माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि नंतरच्या एमआरआयमध्ये त्याच जागी पांढरा डाग दिसला. गाठ परत वाढतेय की रेडिएशनने तेवढा भाग मेलाय, एवढंच कळायला हवं होतं. एका खासगी केंद्रात पेट करायला नेलं. दादा सकाळपासून उपाशी. सुई टोचून त्याला अंधाऱ्या खोलीत निजवलं; बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. वहिनी बाहेर फाइल छातीशी धरून बसलेल्या. रिपोर्ट काय, तर 'निश्चित सांगता येत नाही, क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे लक्षणांशी ताडून डॉक्टरांनीच काय ते ठरवावं. टोचलं होतं एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज. मेंदू मुळात ग्लुकोजवरच चालतो, त्यामुळे निरोगी भागही स्कॅनमध्ये चमकतो. त्या झगमगाटात गाठ उठून दिसणार कशी? एफईटी हा अमिनो आम्लाचा ट्रेसर निरोगी मेंदू फारसा घेत नाही, गाठ मात्र ओढून घेते. मुंबईच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिलं हेच विचारलं, 'एफईटी का नाही केलं?' पैसे भरून घेताना त्या केंद्रात कुणी हे नावसुद्धा काढलं नव्हतं. उपचार ठरवायचे ऐन मोक्याचे दिवस त्यात गेले. याचा राग मला आजही आहे.

आता नैराश्य. टोरांटोच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पेटने दाखवलं की, नैराश्यातल्या रुग्णांच्या मेंदूत दाहाची खूण मानलं जाणारं टीएसपीओ हे प्रथिन वाढलेलं असतं. काम मोलाचंच आहे. पण तो २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं यांच्या सरासरीतला फरक. समोर बसलेल्या एका माणसाला नैराश्य आहे की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या अभ्यासातल्या डीएएसबी या ट्रेसरला तर कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. तो २० मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे तो तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, हाताशीच हवं. एफडीजीतलं फ्लोरिन-१८ निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात, म्हणून ते गाडीने आमच्यासारख्या गावापर्यंत पोचतं. मग 'लवकरच जिल्ह्याजिल्ह्यात नैराश्याचा स्कॅन' हे तुमच्या लेखकांनी कशाच्या जोरावर लिहिलं?

काल संध्याकाळीच शेजारच्या काकू तुमचं कात्रण घेऊन आल्या. मुलाच्या डिप्रेशनच्या गोळ्या थांबवून आधी पेट करून आणू का, विचारत होत्या. मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. पण ज्यांच्या शेजारी विचारायला कुणी नाही, त्यांचं काय? कृपया याच पुरवणीत, याच जागी खुलासा छापा. मेंदूच्या गाठीसाठी पेट सांगितला तर कोणता ट्रेसर देणार आणि तोच का, हे पैसे भरण्याआधी विचारा, असं त्यात ठळक लिहा.

आणि लेखाबरोबरचं छायाचित्र पेटचं नाही, साध्या एमआरआयचं आहे. तेही दुरुस्त करावं.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा