बाबा, तुमच्या कारखान्याचा भोंगा किती वाजता व्हायचा?

प्रिय आई आणि बाबा,

फोन रोज होतोच, पण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, मधेच माझा आवाज भरून आला असता आणि आई तू उगाच घाबरली असतीस, म्हणून लिहितेय. सगळं ठीक आहे इथे. काळजीचं काही नाही.

झालं असं की गेले तीन आठवडे मी एकच अल्बम ऐकतेय. जाता येता मेट्रोत, रात्री भांडी घासताना. स्टिंगचा आहे, दादाच्या खोलीत ज्याचं पोस्टर होतं ना, द पोलीस बँडवाला, तोच. खरं नाव गॉर्डन समनर. मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आले तेव्हा मला माहीतही नव्हतं की हा माणूस इथलाच, माझ्या घरापासून मेट्रोने थोड्याच अंतरावर वॉल्सएंड म्हणून गाव आहे तिथला. १९५१ चा जन्म. वडील दूध टाकायचे, आई केस कापायचं काम करायची आणि घरी पियानो वाजवायची, आणि गल्लीच्या टोकाला जहाजांचा कारखाना, इथे यार्ड म्हणतात. स्वॉन हंटर. टाइन नदीच्या काठावर. जहाज बांधायला घेतलं की महिनोनमहिने ते घरांच्या वर चढत जायचं, रस्त्याच्या शेवटी आकाशच दिसायचं नाही, नुसतं लोखंड. आणि मग एक दिवस ते पाण्यात सोडायचे आणि गल्लीत परत उजेड यायचा. मी जुने फोटो बघितलेत त्याचे, लहान पोरं रस्त्यात उभी आहेत आणि मागे घरांच्या चौपट उंच जहाज. खोटं वाटेल असं.

अल्बमचं नाव 'द लास्ट शिप', २०१३ चा. कन्सेप्ट अल्बम म्हणतात तसा, म्हणजे आई तुला सांगायचं तर गीतरामायणासारखं, सगळी गाणी एकाच कथेची आणि प्रत्येक गाणं वेगळ्या पात्राच्या तोंडी. इथे पात्रं म्हणजे वेल्डर, फोरमन, दारूडा, पाद्री, गाव सोडून गेलेला पोरगा, त्याची मागे राहिलेली मैत्रीण. यार्ड बंद पडलेलं आहे आणि कामगार ठरवतात की आपल्यासाठी एक शेवटचं जहाज बांधायचं.

आता हे ऐका. खऱ्या वॉल्सएंडमध्ये शेवटचं जहाज पुरं झालंच नाही. २००६ मध्ये ते अर्धवटच ओढून ग्लासगोला नेलं आणि बाकीचं काम तिकडे झालं. ज्या यार्डाने कार्पेथिया बांधली, म्हणजे १९१२ मध्ये टायटॅनिकचे सातशेच्या वर लोक वाचवणारी बोट, ज्यांनी मॉरिटेनिया बांधली जी वीस वर्षं अटलांटिकवरची सगळ्यात वेगवान बोट होती, त्यांच्या हातून शेवटचं जहाज अपुरं गेलं. आणि बाबा, त्या यार्डातल्या क्रेन कोणी घेतल्या माहितीये? आपल्याकडच्यांनी. २००७ मध्ये भारती शिपयार्डने क्रेन, तरंगती गोदी, पत्रे कापायची जोडायची मशिनरी असं सगळं भारतात न्यायला विकत घेतलं. हे वाचलं तेव्हा मी तुम्हालाच फोन लावणार होते पण तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

तर स्टिंगने काय केलं, जे जहाज खरं अपुरं राहिलं ते गाण्यात पुरं केलं. मला हे इतकं लागलं ना आत कुठेतरी.

मागच्या रविवारी मी गेले वॉल्सएंडला. स्टेशनवर पाट्या लॅटिनमध्ये पण आहेत, कारण रोमन लोकांनी बांधलेली हेड्रियनची भिंत इथे संपते, गावाचं नावच त्यावरून. किल्ल्याच्या अवशेषांजवळ ३५ मीटर उंच टॉवर आहे, वर गेलं की एका बाजूला जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या बराकींचे दगडी चौकोन दिसतात आणि दुसऱ्या बाजूला यार्डाची जागा. दोन्ही सारखेच वाटले मला वरून. नुसते पाये. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, इथे अनोळखी बाईलाही प्रेमाने 'पेट' म्हणतात तसं पेट म्हणून त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं की तो उतार दिसतो ना तिथून जहाजं सुटायची, मी तिथे प्लेटरचं, म्हणजे जहाजाच्या पत्र्यांचं काम केलं. मी विचारलं किती वर्षं, तर त्यांना ऐकूच गेलं नाही. मग कानाकडे हात करून म्हणाले, हा पण यार्डात दिला. आणि मी तिथे उभी राहून तुमच्या डाव्या कानाचा विचार करत होते बाबा. टीव्हीचा आवाज मोठा ठेवता म्हणून मी किती वेळा चिडलेय तुमच्यावर.

तुम्ही दोघांनी हा अल्बम ऐकावा असं मला मनापासून वाटतं पण इंग्रजी समजायला अवघड जाईल, मलाही पहिल्यांदा निम्मंच कळलं कारण तो मुद्दाम इथल्या बोलीत गातो. तरुणपणी हा माणूस इथून निघाला आणि बोली मागे टाकून दिली, आणि साठीला आल्यावर या गाण्यांत परत ती काढली. तुम्ही काकांशी फोनवर बोलायला लागलात की एका मिनिटात तुमची भाषा बदलते ना, तसं. गाणारेही त्याने इथलेच घेतलेत, जिमी नेल, एसी/डीसी या रॉक बँडचा ब्रायन जॉन्सन. आणि कॅथरीन टिकेल, ती इथली छोटी बॅगपाइप वाजवते, तोंडाने फुंकायची नाही ती, कोपराखाली भाता धरून दाबायचा. त्याचा आवाज मोठ्या बॅगपाइपसारखा अंगावर येत नाही. कोणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलतंय असा आहे. शब्द नाही कळले तरी तेवढं ऐका.

एक गाणं आहे मेलेल्या माणसाच्या बुटांवर. बाप आपले कामाचे बूट मुलाला देतोय, घालून बघ, माझ्या जागी लाग, आणि पोरगा म्हणतो मला नकोत. ते ऐकून मी मेट्रोत माझं स्टेशन सोडून पुढे गेले. कारण आपल्याकडे उलटं होतं ना. तुम्ही तुमचे बूट दारातच काढायचात, बाहेरच्या फळीवर ठेवायचात, घरात आणायचाच नाहीत. मी एकदा त्यात पाय घालून उभी होते, असेन सहा सात वर्षांची, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, फक्त खाली बसलात आणि माझे पाय एकेक करून बाहेर काढलेत आणि म्हणालात हे तुझे नाहीत. एवढंच. मला ते नेहमी बूट खराब आहेत म्हणून वाटायचं. आता वाटतं तुम्ही दुसरंच काही म्हणत होतात.

स्टिंगचे वडील आजारी होते तेव्हा तो भेटायला गेला आणि दोघांचे हात शेजारी शेजारी बघून म्हणाला की आपले हात अगदी सारखे आहेत. तर वडील म्हणाले की हो, पण तू तुझे जास्त चांगले वापरलेस. हे त्याने स्वतः लिहिलंय आठवणींच्या पुस्तकात. आई आणि वडील दोघं साधारण वर्षभरात गेले त्याचे, आणि तो दोघांच्याही अंत्यविधीला गेला नव्हता. मग काही काळ त्याला गाणी सुचेनात. १९९१ ला 'द सोल केजेस' आला, तोही याच नदीवरचा आणि वडिलांच्या जाण्यावरचा, पण तो फार कोंडलेला अल्बम आहे, त्यात तो एकटाच आहे आपल्या दुःखाबरोबर. मला तो आवडतो पण परत परत लावावासा नाही वाटत. पुढे २००३ नंतर तर नव्या गाण्यांचा अल्बमच नाही दहा वर्षं. मग म्हणे त्याने ठरवलं की स्वतःबद्दल लिहायचंच नाही, ज्या लोकांमध्ये वाढलो त्यांच्या तोंडून लिहू, आणि गाणी धडाधड यायला लागली. लहानपणी रोज सकाळी हजारो माणसं घरावरून कामाला जाताना बघितलेली, ती सगळी आत बसलेलीच होती. पुढे 'द लास्ट शिप'चं नाटक केलं न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, ते चालेना म्हणून जिमी नेलच्या जागी तो स्वतः स्टेजवर उभा राहिला, तरी जानेवारी २०१५ ला बंद पडलं. पण त्याने सोडलं नाही, २०१८ मध्ये ते इथे न्यूकॅसलला आणलं. ज्यांची गोष्ट त्यांच्यासमोर. मला त्या वेळी इथे असायला हवं होतं असं फार वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. बायकांच्या तोंडी गाणी फार थोडी आहेत. एवढी माणसं पहाटे निघायची तर त्यांच्या आधी कोणीतरी उठत असणारच की. आई, तू तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारभर आम्हाला कसं गप्प ठेवायचीस, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात करायचीस, खिडकीला जुनी चादर लावायचीस, ते कुठल्याच गाण्यात नाही. ते असायला हवं होतं.

तर मला जे सांगायचंय ते असं. त्याचे आई-वडील यातलं एकही गाणं ऐकायला नव्हते. आणि मी इथे बसून जहाजाचे पत्रे कसे जोडायचे, नवीन पोरांना गंमत म्हणून कसे खोटे निरोप देऊन स्टोअरमध्ये पाठवायचे, हे सगळं एका गायकाकडून शिकलेय, पण माझे बाबा ३४ वर्षं लेथवर उभे राहून नक्की काय बनवत होते हे मला माहीत नाही. कशाचा पार्ट होता तो? कुठे लागायचा? मला फक्त लोखंडाची ती कुरळी वेटोळी माहितीयेत जी तुम्ही रिकाम्या डब्यात घालून आणायचात, निळसर जांभळी, आई हात कापेल म्हणून ओरडायची आणि तुम्ही कडा घासून बोथट करून द्यायचात. त्यातलं एक अजून माझ्याकडे आहे बाबा. इथे, टेबलावर, पेनांच्या मगमध्ये. कधी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे गाणं नाही आणि मला काही बनवायचंही नाही. मला फक्त ऐकायचंय. दर रविवारी तुमच्या संध्याकाळी मी फोन करेन आणि एक एक गोष्ट विचारेन, फोनवर रेकॉर्ड करून ठेवेन, चालेल ना? तुम्ही म्हणाल त्यात काय सांगायचंय, रोज तेच काम. ते रोजचंच पाहिजे मला. भोंगा किती वाजता व्हायचा, पहिला कुठला आणि दुसरा कुठला. शेजारच्या मशीनवर कोण होतं. अंगठ्याचं नख कुठल्या दिवशी गेलं आणि तुम्ही घरी काय सांगितलंत, आणि आई तुला खरं कधी कळलं. पहिल्या दिवशी कोणी काय शिकवलं. शेवटच्या दिवशी मशीन पुसून ठेवलंत का.

आई, बाबा फोनवर टाळाटाळ करतील, तू त्यांच्या शेजारी बस आणि मधे मधे बोल. फोन त्यांच्या उजव्या कानाला दे. दादाला सांगून ठेवलंय, तो शनिवारी येऊन तुम्हाला ती बॅगपाइपची गाणी लावून देईल.

या रविवारी भोंग्यापासून सुरू करू.

तुमची,
लेक