नगास नग जुळले, सर

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुम्ही आमच्या जुन्या मोडी पावत्यांचा शेवटचा गठ्ठा वाचून आणून दिलात आणि आभाळ भरून आलंय म्हणून अर्धा चहा टाकून निघूनही गेलात. नीट दोन शब्द बोलायचे राहिले. तसे तुम्ही समोर असलात की बोलू देतच नाही. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नकोस असं बजावलंत, ते पाळते. दापोली तालुक्यात जुन्या कागदांशी ज्यांचा संबंध आलाय ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगडच्या बागांचं त्या दुपारी काय झालं ते इकडच्या माणसांना सांगायला नको. सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमची अर्धी कौलं उडाली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पाणी शिरलं. ट्रंकेत पैसाअडका नव्हता. होत्या पावत्या. आमच्या पणजोबांनी, त्यांच्या बापाने खोताला, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याला, घातलेल्या भाताच्या, नाचणीच्या, वरीच्या पावत्या. मोडीत लिहिलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या. आमच्या चार पिढ्यांत त्या कुणालाही वाचता येत नव्हत्या, आणि तरी त्या एकानेही फेकल्या नाहीत. जमिनीचं अर्धं पीक खोताच्या घरी पोचतं केलं, याचा घरात तेवढाच पुरावा होता. वाचता आला नाही म्हणून पुरावा कोण टाकतो?

तुमच्याआधी या कागदांना माणसं भेटली नाहीत असं नाही. एक साहेब वादळाच्या दोन-तीन वर्षं आधी शहरातून आले होते. गळ्यात कॅमेरा, तोंडात 'मौखिक परंपरा'. कागद भराभर उलटून म्हणाले, यात शिवकालीन काही दिसत नाही. एखादी सनद, एखादं आज्ञापत्र असेल तर बघा. तरीही जाताना एक गठ्ठा अभ्यासाला म्हणून घेऊन गेले. तो आजतागायत अभ्यासातच आहे. फोन लागायचा, उचलला जायचा नाही. एका कार्यालयात विचारलं तर तिथले भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "खाजगी कागद आम्ही ठेवत नाही. पुण्याला विचारा." पुण्यात कुणाला, ते त्यांनाही माहीत नसावं. पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला आणि पानामागे पैसे सांगणारी मंडळी दारात उभी राहिली. त्यांना फक्त एक शब्द हवा असायचा. तो दिसला की बाकीचा कागद त्यांच्या लेखी रद्दी.

ही मंडळी नंतरची. पण त्या कॅमेरावाल्या साहेबांमुळे, वादळानंतर तुम्ही तोंडाला मास्क बांधून स्कूटरवरून आलात तेव्हा आई दारातच म्हणाली होती, "मागच्यान नेलान तो गठ्ठा, परत दिलान नाय. तुमीपन नेनार काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र हसला नाहीत, रागावला नाहीत. "बरोबर आहे काकू," एवढंच म्हणालात आणि हात धुवायला मागीलदारी गेलात.

कागद वाळवायचे कसे, ते तुम्ही शिकवलंत. शेजारचे सगळे सांगत होते, खळ्यात उन्हात पसरा. तुम्ही म्हणालात, ऊन नको, नुसता वारा हवा. पडवीचं आणि मागचं दार उघडून मधल्या वाऱ्यात जुनं धोतर अंथरलंत. चिकटलेली पानं ओली असताना ओढू दिली नाहीत. अर्धवट सुकल्यावर बांबूची कामटी तासून तुम्ही ती एका कडेने उचलत होतात, इतकं हळू की बघणाऱ्याला झोप यावी. काजळाच्या शाईची अक्षरं बरीचशी तगली होती, नंतरच्या निळ्या शाईचे मात्र ओघळ झाले होते. हे सगळं मोठंच काम. त्याबद्दल आभार आहेतच, पण पत्र लिहायला बसले ती त्यासाठी नाही.

तुम्ही पिशवीतून वही काढलीत, कार्बन घातलात आणि यादी करायला बसलात. प्रत्येक कागदाला नंबर. लांबीरुंदी, फाटका की अख्खा, शिक्का आहे की नाही, मागच्या बाजूला काही लिहिलंय का. संध्याकाळ झाली, वीज तर कित्येक दिवस नव्हतीच, कंदील आणला. यादी पुरी झाल्यावर 'वाचनासाठी नेले, नगास नग परत करीन' असं लिहून खाली सही केलीत. मी हात पुढे केला, कारण घरातली शिकलेली मी. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. कागद आईपुढे ठेवलात आणि म्हणालात, "काकू, मालकाची सही हवी."

मी पटकन म्हटलं, "थांबा, शाईचं पॅड आणते, ती अंगठा लावते." तुम्ही तिलाच विचारलंत, "सही येते का हो?" आईला सही येते. साक्षरतेच्या वर्गात शिकली होती, पण बँकेत, रेशनला, ग्रामपंचायतीत कुणालाही तेवढा दम नसतो. लोक परस्पर तिचा अंगठा धरतात आणि टेकवतात. तुम्ही पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलंत आणि कंदील जरा तिच्याकडे सरकवलात. तिने सही करायला इतका वेळ लावला की मला चुळबुळ व्हायला लागली. शेवटच्या अक्षराची वेलांटी चुकली, ती खोडून तिने परत काढली. तुम्ही गप्प बसून होतात. मग वरची प्रत तिला दिलीत आणि सगळी यादी पहिल्यापासून वाचून दाखवलीत, कारण सही येत असली तरी तिला वाचता येत नाही हे तुमच्या ध्यानात आलं होतं.

ती यादी तेव्हापासून देव्हाऱ्यातल्या नारळाखाली आहे.

पावत्यांतून काय निघालं ते तुम्ही तुमच्या टिपणात लिहिणारच आहात, मी त्यात पडत नाही. भाताची अर्धेल म्हणजे अर्धं पीक, वरकसाची म्हणजे हलक्या जमिनीची तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा, खंडी-मण-पायलीचे हिशेब, आज कुणाच्या तोंडात नसलेली शेतांची नावं. पण एक सांगते. एका पावतीवर कूळ म्हणून बाईचं नाव निघालं, 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, करून पुढे नवऱ्याचं. माझी खापरपणजी. घरात तिला 'जुनी म्हातारी' यापलीकडे नाव नव्हतं. नवरा गेल्यावर शेत तिने सोडलं नाही आणि अर्धेल स्वतःच्या नावावर घातली, एवढं त्या चिटोऱ्यावरून कळतं. ते नाव इथे लिहीत नाही, ते घरातच बरं.

दुसरं म्हणजे, १९३७-३८ च्या सुमाराच्या पावत्या आमच्या गठ्ठ्यात नाहीत. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत कोकणातली कुळं मुंबईत मोर्चाने गेली. तिकडे अलिबागजवळ चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालूच होता. मी लगेच म्हटलं, म्हणजे आमच्यांनीही तेव्हा अर्धेल बंद केली असणार! तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "असेलही. पावत्या उंदरांनी खाल्ल्या असतील. कागदावर नाही ते मी सांगणार नाही." मला तेव्हा हिरमुसल्यासारखं झालं. पण गावोगावच्या स्मरणिकांत आपल्या घराण्याला हव्या तशा लढाया चिकटवून देणारे किती आहेत ते बघितल्यावर तुमचं ते वाक्य फार मोलाचं वाटायला लागलं.

१८२१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या पुराभिलेखागारात सरकारी दप्तरं आहेत, पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांमागून रुमाल बांधलेले आहेत. रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर १८८० चं, खोतीचा कायदाही त्याच साली झालेला. या सगळ्यात आम्ही कुळं आहोत, पण मोजलेली, वर्णन केलेली, वसूल केलेली. आमच्या हातात राहिलेला कागद हा एवढाच, ट्रंकेतला. आणि तो तरी घरोघरी टिकतो कुठे? वाळवी आहे, गळकी कौलं आहेत, मुंबईला गेलेली मुलं आहेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा १८६४ सालचं तिथलं वाचनालय सुटलं नाही, तिथे आमच्या ट्रंकेची काय कथा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तेव्हा कितीतरी घरांत 'आता कशाला हव्यात' म्हणून पावत्या चुलीत गेल्या असतील. आमच्या घरात का राहिल्या, आईला विचारलं तर म्हणते, "कायद्याचा काय भरवसा?"

परवा तुम्ही गेल्यावर आईने नारळाखालची यादी काढली. मी वाचायची, ती नंबर बघून कागद उजवीकडून डावीकडे ठेवायची. मध्येच मी दमून म्हटलं, "सरांनी आणलंय, जुळणारच. राहू दे." तर म्हणाली, "तेनीच सांगितलानी ना, नगास नग." सगळे जुळले. तिने यादी घडी करून परत जागेवर ठेवली. टाकून देऊ का विचारलं तर माझ्यावरच डाफरली.

त्या शहरातल्या साहेबांच्या नजरेला हे पत्र पडलं तर त्यांनी गठ्ठा पोस्टाने पाठवला तरी चालेल. चहा विचारणार नाही, पण पोच देऊ. सहीसकट.

आणि सर, ते एकमेकांना चिकटलेले दोन कागद तुम्ही तसेच परत दिलेत, 'अजून वेळ आहे' म्हणून. पुतण्या वाफेवर धरून सोडवतो म्हणाला होता, आईने त्याला हात लावू दिला नाही. भात झोडून झालं की या. येताना कामटी आणा. आमच्याकडच्या बांबूची मी करून बघितली, ती जाड होते.

तुमची,
काकूंची लेक