विकर्णाला पण विचारा की कोणीतरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कौरवांच्या बाजूने महाभारत सांगणाऱ्या नव्या कादंबऱ्यांवर जो मोठा लेख आलाय तो वाचला, आवडला पण आणि डोक्यातही गेला. आवडला कारण या विषयावर आरडाओरडा न करता लिहिणारे कमीच. डोक्यात गेला तो त्यातला सूर, की हजारो वर्षं जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा आवाज दाबून ठेवला होता आणि आता कुठे कोणीतरी धाडस करून तो बाहेर काढतंय. अहो, कोणी दाबला? व्यासांनी? शल्यपर्व काढून बघा एकदा. मांड्या फुटलेला दुर्योधन अर्धवट उठून हातांवर रेलतो आणि कृष्णाला तोंडावर एकेक हिशोब ऐकवतो, की भीष्मांपुढे शिखंडीला उभं केलंत, अश्वत्थामा मेल्याची थाप मारून द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावलंत, भूरिश्रवा दुसऱ्याशी लढत असताना त्याचा हात तोडलात, कर्णाचं चाक रुतलेलं असताना त्याला मारलंत, सरळ लढला असतात तर जिंकलाच नसतात. आणि हे बोलून झाल्यावर आकाशातून फुलं पडतात ती पांडवांवर नाही, दुर्योधनावर! पांडव खजील होतात आणि मग खुद्द कृष्णच त्यांना समजावतो की बाबांनो, सरळ लढून हे लोक तुमच्याने मेलेच नसते. पुढे स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन थाटात आसनावर बसलेला. आता याहून जास्त बाजू कोणी कुणाची मांडायची?

आणि हे फक्त मूळ ग्रंथातच आहे असंही नाही. भासाची म्हणून जी संस्कृत नाटकं १९१२ पासून त्रिवेंद्रमहून गणपती शास्त्रींनी छापली त्यात ऊरुभंग आहे, त्यात मरायला टेकलेल्या दुर्योधनाकडे त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि नेहमीसारखा मांडीवर बसायला जातो, आणि बापाला त्याला मांडीवर घेता येत नाही. बास, एवढंच. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आणि हा दुर्योधन सूड घे म्हणून सांगत नाही पोराला, पांडवांना मान दे म्हणून सांगतो. केरळात कोल्लम जिल्ह्यात मलनाडा इथे तर दुर्योधनाचं देऊळच आहे, आत मूर्ती नाही, तहानलेल्या दुर्योधनाला तिथल्या एका बाईने ताडी पाजली अशी कथा सांगतात. रामायणाचं म्हणाल तर विमलसूरीचं जैन रामायण, पउमचरिय, चक्क महाराष्ट्री प्राकृतात आहे, त्यात श्रेणिक राजा सुरुवातीलाच शंका काढतो की एवढ्या बलाढ्य राक्षसांना माकडांनी मारलं कसं आणि कुंभकर्ण सहा सहा महिने झोपला कसा. त्यातल्या रावणाला दहा डोकी पण नाहीत, गळ्यातल्या हारात चेहऱ्याची प्रतिबिंबं दिसायची म्हणून दशमुख. आणि आपल्या घरातलंच घ्या ना, दिवाळीला ओवाळताना इडा पिडा टळो बळीचं राज्य येवो म्हणणाऱ्या आज्या कोणाच्या बाजूच्या होत्या? वामनाच्या तर नक्की नाही. त्याच बळीला जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ या पुस्तकात शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभा केला. तेव्हा धाडस वगैरे शब्द जरा जपून वापरले तर बरं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. या नव्या पुस्तकांत हरलेल्याची बाजू मांडायची म्हणजे हरलेल्याला धुवून पुसून चकाचक करायचं असं झालंय, आणि त्या धुण्याचं बिल दर वेळी द्रौपदीच्या नावावर फाडलं जातं. तुमच्या लेखातही आहेच, की मयसभेत द्रौपदीने आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणून टोमणा मारला आणि त्या अपमानातून पुढचं सगळं घडलं. हे वाक्य व्यासांच्या महाभारतात नाही. आपल्या पुण्यातच भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून शेकडो हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, तिचं सभापर्व बघा. दुर्योधन पाण्यात पडतो, नोकर हसतात, राजाच्या हुकमावरून त्याला कोरडे कपडे दिले जातात, मग भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल सहदेव हसतात. द्रौपदीचं तिथे नावसुद्धा नाही. नंतर हस्तिनापूरला गेल्यावर दुर्योधन स्वतः बापाला जेव्हा तीच गोष्ट सांगतो तेव्हा त्याच्या तोंडी येतं की कृष्ण अर्जुनासोबत मोठ्याने हसला आणि द्रौपदीपण बायकांसोबत हसली. म्हणजे बघा, कवीने जे सांगितलं ते एक आणि जळफळत घरी आलेल्या माणसाने सांगितलं ते एक, दोन्ही एकाच पर्वात ठेवलंय आणि कोणतं खरं ते कुठेच सांगितलेलं नाही. हरलेल्याचा दृष्टिकोन म्हणतात तो हाच ना? तो वापरा की! त्यावर अख्खी कादंबरी होईल. त्याऐवजी दूरदर्शनवरच्या मालिकेने घराघरात पोचवलेला डायलॉग उचलायचा आणि म्हणायचं आम्ही दुसरी बाजू मांडली.

कर्णाचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे कर्ण म्हणजे लाडका, त्याच्यावर एक शब्द बोललेला खपत नाही, मलाही तो आवडतो. पण द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा तो, आणि पांडवांची आणि हिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा पण तोच, हे सभापर्वात स्वच्छ लिहिलंय. नव्या पुस्तकांत एक तर हा प्रसंग दोन ओळीत उरकतात नाहीतर स्वयंवरातल्या अपमानाचा बदला म्हणून समजावून सांगतात. मला राग येतो तो याचा. त्याला सूतपुत्र म्हणून जन्मभर जे सोसावं लागलं ते खरंच आहे हो, पण ते सोसलेला माणूसच त्या दिवशी असं वागला, ही दोन्ही टोकं एका माणसात धरून ठेवता येत नसतील तर कशाला लिहायचं त्याच्यावर.

आणि गंमत म्हणजे कर्ण हे बोलला ते कोणावर चिडून, तर विकर्णावर. विकर्ण, धृतराष्ट्राचाच मुलगा, शंभरातला एक. भीष्म, द्रोण, विदुर बसलेले, मी खरंच जिंकली गेले का या द्रौपदीच्या प्रश्नावर कोणीच धड उत्तर देत नाही तेव्हा हा उठतो आणि म्हणतो की शिकार, दारू, जुगार आणि बायका या चार नादांत अडकलेल्या राजाने केलेलं लोक धरत नाहीत, शिवाय युधिष्ठिर आधी स्वतःला हरला मग हिला पणाला लावलं, शिवाय ती पाचांची, तेव्हा ती जिंकली गेलेली नाही. सभेत वाहवा होते त्याची. मग कर्ण त्याला पोरसवदा, फार शहाणा म्हणून गप्प करतो आणि वस्त्रं उतरवायचा हुकूम सोडतो. एवढं बोललेला विकर्ण पुढे काय करतो, तर युद्धात भावाच्या बाजूनेच उभा राहतो आणि द्रोणपर्वात भीमाच्या हातून मरतो. तिथे भीमपण कळवळतो, म्हणतो शंभरांना मारायची प्रतिज्ञा केली होती म्हणून तुला मारावं लागलं. मग स्त्रीपर्वात गांधारी रणांगणात फिरताना याच्या प्रेतापाशी येते, धनुष्य धरून धरून घट्टे पडलेला त्याचा हात, त्यावर चामड्याचं हातत्राण तसंच, ते गिधाडांना काही केल्या सहज फाडता येत नाही, आणि त्याची तरुण बायको त्यांना सारखी हाकलतेय आणि तिला ते जमत नाहीये. दोन चार श्लोकांत हे सगळं.

आता मला सांगा, आपली बाजू चूक आहे हे भर सभेत म्हणाला, हरणार हेही दिसत असणार, युयुत्सू या सावत्र भावासारखं उठून पांडवांकडे जाता आलं असतं (तो गेला, आणि वाचला, पुढे पांडव निघून गेल्यावर परीक्षिताचं राज्य त्यानेच सांभाळलं), तरी हा गेला नाही. का? मूळ ग्रंथ यावर फारसं काही बोलतच नाही. सभेतून त्या रात्री घरी गेल्यावर बायकोशी काय बोलला असेल, तेरा वर्षं दुर्योधनाच्या पंक्तीला बसून जेवताना काय होत असेल त्याचं, भाऊ त्याच्याशी नीट वागले का. कादंबरीकाराला मोकळं रान पडलंय, आणि कोणाचं काही खोटं लपवायची पण गरज नाही. दुर्योधन आणि कर्णाचे वकील भरपूर झाले हो आता.

तेव्हा या विषयावर परत पुरवणी काढणार असाल, काढाच, तर लेखकांना एवढं सांगा की मूळ महाभारतात आहे असं म्हणताना पर्व अध्याय द्यायचा, आणि स्वतःच्या मनाचं असेल तर तसं बिनधास्त म्हणायचं, त्यात कमीपणा नाही.

जाता जाता, लेखाखालच्या चौकटीत कौरवांचं सैन्य सात अक्षौहिणी छापलंय. ते अकरा. सात पांडवांचं.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली