‘वाऱ्याचा वेग’ नीट छापून आला, ताई

प्रिय ताई,

अहवाल काल छापून हातात आला. आकड्यांकडे नंतर गेले, आधी आलेखांच्या अक्षांवरची लेबलं पाहिली. ‘किमान तापमान’, ‘आर्द्रता’, ‘वाऱ्याचा वेग’. तिन्ही जशी लिहिली तशीच उमटली आहेत. फोनवर तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी मी किती जणांचे उंबरे झिजवले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत काढलेला आलेख स्क्रीनवर छान दिसायचा. पीडीएफ काढली की मराठी अक्षरांच्या जागी नुसते ठिपके. पायथॉन या दुसऱ्या भाषेतून काढला तर रिकामे चौकोन. फाँट बदलल्यावर चौकोन गेले, तर ‘किमान’चं ‘कमिान’ झालं आणि ‘आर्द्रता’तली जोडाक्षरं सुटी होऊन र आणि द पाय मोडून उभे राहिले. तांत्रिक विभागाला दाखवलं, तर उत्तर आलं, ‘लेबलं इंग्रजीत करा.’ एका जाणकारानं स्क्रीनशॉट चिकटवायला सांगितलं. छपाईत तो धुरकट येतो, याचं त्याला काही नव्हतं. आणखी एकानं आलेख न उघडताच दोष माझ्या संगणकावर ढकलला. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली. तरी मराठीत लेबल मागणं म्हणजे लाड मागणं, असा सूर लागतो. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, ‘हे वाचणार कोण?’ मी सांगितलं. ‘मग मराठीच राहणार,’ म्हणालात आणि इंग्रजीचा विषय तिथंच मिटला.

मग जे समजावलंत, ते मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं. स्क्रीनवर आलेख काढणारं डिव्हाइस, म्हणजे प्रोग्रॅममधला चित्र उमटवणारा भाग, वेगळं आणि पीडीएफमध्ये काढणारं वेगळं, म्हणून एकीकडे ठीक दिसून दुसरीकडे बिघडतं. आरचं नेहमीचं पीडीएफ डिव्हाइस छपाईच्या जुन्या पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या, एका वेळी जास्तीत जास्त २५६ चिन्हांच्या संचावर चालतं. देवनागरीला त्यात जागाच नाही, म्हणून ठिपके. पायथॉनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या मूळ डेजाव्हू सान्स फाँटात देवनागरी नाही, म्हणून चौकोन. आणि वेलांटी सरकली त्यात फाँटचा दोष नव्हता. फाइलमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, असाच क्रम साठवलेला असतो. ती वेलांटी उचलून क च्या डावीकडे नेणं, र चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे काम हार्फबझसारखं अक्षरं जुळवणारं इंजिन करतं. ते मध्ये नसेल तर कितीही चांगला फाँट घातला तरी ‘कमिान’च येणार. तुम्ही कैरो या चित्र काढणाऱ्या दुसऱ्या डिव्हाइसच्या वाटेनं पीडीएफ काढलीत, फाँटही फाइलमध्येच बसला, छापखान्यात तो असो वा नसो.

माझ्या लेखी काम तिथं संपलं होतं. तुम्ही मात्र फोन ठेवला नाहीत. ‘थांबा, वाचून बघते,’ म्हणालात आणि एकेक लेबल मोठ्यानं वाचायला लागलात. शीर्षक, दोन्ही अक्ष, रंगांची सूची, तळाची बारीक टीपसुद्धा. ‘वाऱ्याचा’पाशी अडलात. त्या फाँटात तिथला अर्धा र पापणीसारखा वळून आलाच नव्हता. आख्खा ऱ, खाली टिंब, शिवाय पाय मोडलेला. इतक्या बारीक टायपात ते कुणीही चालवून घेतलं असतं. ‘हे असं नाही राहू द्यायचं,’ एवढंच बोललात, नोटो सान्स देवनागरी हा दुसरा फाँट लावलात आणि सगळे आलेख नव्यानं काढलेत. एका अक्षरासाठी. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलेत.

ताई, तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी ते आलेख पाहिले, त्यांच्यातल्या एकानंही ते वाचले नव्हते. सगळ्यांना ती बिघडलेली फाइल होती. तुम्हाला त्यात कुणीतरी कुणाला काहीतरी सांगू पाहतंय, हे दिसलं. या कामाचे पैसे तुम्हाला मिळणार नव्हते, अहवालात नाव येणार नव्हतं, आणि त्या ऱ बद्दल कुणी जाबही विचारला नसता. कुणी बघत नसताना काम चोख करणारी माणसं कामाच्या ठिकाणी एखाददुसरीच भेटतात, आणि बाकी सगळ्यांचं निभावतं ते त्यांच्या जोरावर. त्यांचं कौतुक करायचं राहून जातं, कारण त्यांच्या हातून गेलेल्या कामात खटकण्यासारखं काही उरतच नाही.

आलेख काढणारी तुमची स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्रॅम, आमच्याकडे मराठीत आलेख काढणाऱ्या इतरांनाही दिली आहे, वर तुमचं नाव लिहून. हरकत असेल तर कळवा. पुढच्या अहवालात नकाशे आहेत आणि त्यांच्यावरची नावं एकमेकांत घुसताहेत. तुमच्या सवडीनं कधी फोन करू, तेही सांगा.

तुमची ऋणी,
अहवालवाली